बॅटरीत मँगनीज, यादीत नाही!

लिथियमची चर्चा सगळीकडे आहे, पण भंडाऱ्याच्या मँगनीजचे काय?

तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला खुली, तर चिखल्याला भूमिगत खाण आहे. प्राचीन समुद्रतळाशी साचलेला मँगनीजयुक्त गाळ पुढे उष्णतेने आणि दाबाने कठीण खडक झाला. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी १९०९ मध्ये देशातील मँगनीज साठ्यांवर ग्रंथ लिहिला. या पट्ट्यातल्या एका खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिले.

डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड घड्याळ-रिमोटच्या सेलसारख्या ड्राय बॅटऱ्यांसाठी वापरले जाते. ई-वाहनांच्या एनएमसी बॅटरीतला ‘एम’ म्हणजेही मँगनीज. तरीही केंद्राच्या २०२३ च्या ३० ‘क्रिटिकल मिनरल्स’च्या यादीत ते नाही. अमेरिका आणि युरोपीय संघाने मात्र आपापल्या याद्यांत घेतले आहे.

देशात खाणी आहेत म्हणून निश्चिंत राहणे चूक आहे, कारण आपण मँगनीज आयातही करतो. वाहनांच्या बॅटरीला अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागते. ते बनवणारे कारखाने भंडाऱ्यातच यायला हवेत. नाहीतर खड्डा आपला आणि बॅटरी दुसऱ्याची, असेच होईल.