आजार रुग्णापासून लपवावा का?

“डॉक्टर, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका हं!” असं नातेवाईक अनेकदा विनवतात. त्यामागे मायाच असते. तरीही, लपवू नका असंच मी म्हणेन.

बुद्धांच्या अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा म्हणजे खोटं, चहाडी, कठोर आणि वायफळ बोलणं टाळणं. मग कटू सत्याचं काय? मज्झिम निकायातलं अभयराजकुमार सुत्त सांगतं: खरं आणि हिताचं असेल तर कटूही बोलावं, पण वेळ पाहून. बाळाने तोंडात खडा घातला, तर रक्त आलं तरी आपण तो मायेनेच काढतो.

म्हणून आधी बाबांना विचारा, “तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” मग त्यांना झेपेल तसं, थोडं थोडं सांगा. तुमचे चेहरे ते वाचतातच. लपवाछपवीत ते एकटे पडतात.