वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

नागपूरहून परदेशी निघालेल्या मुलांच्या घरी व्हिसा, घरभाडे आणि तिथली थंडी यांचीच चर्चा चालते. तिथे रुजायचे कसे, हा प्रश्न विमानतळावरून परतताना आईवडिलांना पडतो. हा अंक त्या प्रश्नाचा आहे, आणि त्यासाठी डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्याकडे वळायलाच हवे.

वर्ध्यात जन्मलेले खानखोजे 1924 मध्ये मेक्सिकोला पोहोचले. गदर चळवळीच्या उभारणीत हात असल्याने इंग्रजांच्या राज्यात परतणे शक्य नव्हते. भाषा स्पॅनिश. जवळ होते ते अमेरिकेत घेतलेले शेतीचे शिक्षण. त्या बळावर त्यांनी चापिंगोच्या कृषी शाळेत अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. मका हे तिथल्या गरिबाचे रोजचे अन्न. परक्या माणसाने नेमके तेच काम निवडले, यातच त्यांचे मोठेपण आहे. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेराने रंगवलेल्या चित्रात खानखोजे भाकरी वाटताना दिसतात.

1955 मध्ये ते भारतात परतले, नागपुरात स्थिरावले आणि 1967 मध्ये इथेच वारले.

पण त्यांच्या पत्नी जान सिंडिक? बेल्जियमच्या, मेक्सिकोत संसार मांडलेल्या. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे नागपूर! अशा सुनांविषयी फार कमी लिहिले जाते. विदर्भातल्या घरात परदेशातून आलेली सून असेल, तर तिचा अनुभव वाचकांनी जरूर कळवावा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.