पदक देशाचे, मग गुडघा एकट्या मुलीचा कसा?

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्रिपुराची दीपा कर्माकर व्हॉल्ट प्रकारात चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. तिची उडी होती प्रोदुनोव्हा, म्हणजे हातांवर उसळी घेऊन हवेत पुढच्या बाजूने दोन कोलांट्या आणि मग थेट पायांवर उतरणे. देशाने तिला डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. २०१८ मध्ये तिने तुर्कस्तानात सुवर्णपदक जिंकले आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघा पुन्हा दुखावला. दीपाचे निदान नाव तरी झाले होते. ज्यांची नावे पेपरात कधीच येत नाहीत, त्या दहा-बारा वर्षांच्या पोरींच्या गुडघ्यांबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

या वयात हाडे झपाट्याने वाढतात, मांडीचे स्नायू मागे पडतात. गुडघ्याच्या वाटीपासून निघणारी शीर नडगीच्या ज्या टोकाला जोडलेली असते, तिथले हाड अजून कोवळे असते. रोजच्या शेकडो उड्यांनी ते ओढले जाते, सुजते, पुढे टेंगूळ येते. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचे हे दुखणे थांबते. तोपर्यंत उड्या कमी करायच्या आणि नेमके व्यायाम करायचे. एसीएलचे तसे नाही. उतरताना गुडघा आत वळला की तो क्षणात तुटू शकतो, आणि वयात येणाऱ्या मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला नऊ महिने ते वर्ष जाते. नीट उतरायला शिकवले, मांड्यांची ताकद वाढवली, तर धोका बराच घटतो.

म्हणजे औषध मुख्यतः विश्रांती. पण विश्रांती कोणाला परवडते? खात्यापित्या घरातल्या मुलीने वर्षभर खेळ सोडला तर तिचा छंद थांबतो. वस्तीतल्या मुलीसाठी तोच खेळ म्हणजे दहावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण, कदाचित क्रीडा वसतिगृहातली एक खाट. म्हणून ती सुजलेल्या गुडघ्यावर पट्टी बांधते आणि म्हणते, "काही नाही सर, दुखत नाही." याला जिद्द म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी तिच्या घरचे रेशनकार्डही एकदा पाहावे.

कायदा काय म्हणतो? २०१६ ची बालकामगार कायद्यातील दुरुस्ती चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावायला बंदी करते, पण शाळा बुडत नसेल तर खेळाला सूट देते. सर्कशीला नाही. आणि डोंबाऱ्याच्या पोराने तीच कोलांटी रस्त्यावर मारून हात पुढे केला, तर १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा त्याला भिकारी ठरवतो. हॉलमध्ये खेळ, रस्त्यावर गुन्हा! पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ही कला जपली, त्यांच्या वाट्याला ना पदक आले ना डॉक्टर.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामावर शरीर मोडले तर त्याचा बोजा एकट्या कामगाराने वाहायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व. राज्याची जर्सी घालून रोज तासन्‌तास उड्या मारणारी अकरा वर्षांची मुलगी याला अपवाद का? ती कामगार नाही, असे म्हणाल. मग तिच्या पदकावर राज्याने हक्क कशाला सांगावा?

मित्रांनो, आपापल्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. सरावात जखमी झालेल्या मुलांच्या एमआरआयचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण देतो? केंद्रात फिजिओ आहे का? उतरायच्या गाद्या शेवटच्या कधी बदलल्या? शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले नाही, तर लगेच पहिले अपील करा.