उपकाराचा जमाखर्च

‘डॅडी लाँग लेग्ज’ (१९५५) या इंग्रजी चित्रपटाचा विषय निघाला, की बोलणे हटकून वयावर येते. नायक फ्रेड अस्टेअरचा जन्म १८९९ चा, नायिका लेस्ली कॅरनचा १९३१ चा; म्हणजे अंतर ३२ वर्षांचे! देवलांची ‘शारदा’ वाचलेल्यांच्या कपाळावर आठी पडायचीच. पण माझी हरकत निराळी आहे. मी पडलो कॉमर्सचा विद्यार्थी. मला या प्रेमात जमाखर्च दिसतो.

जर्व्हिस हा अमेरिकन कोट्यधीश. फ्रान्समधल्या अनाथाश्रमातील ज्युलीला तो आपले नाव न सांगता अमेरिकेतल्या कॉलेजात शिकवतो. ती त्याला पत्रे लिहिते आणि ती न वाचताच फाइलला लागतात. पुढे कधीतरी तो ती वाचतो, आणि मैत्रिणीचा काका म्हणून तिच्यापुढे उभा राहतो. तो तिचे मन वाचून आलेला; तिला मात्र त्याच्याविषयीची मुख्य गोष्टच ठाऊक नाही. एकाच्या हाती दोन्ही वह्या आणि दुसऱ्याच्या हाती एकही नाही, याला बरोबरीचा व्यवहार कसा म्हणावा?

चित्रपट गोड आहे, त्यातले नाच तर पुन्हा पुन्हा पाहावेत असे. पण ज्या कादंबरीवरून तो बेतला, ती जीन वेब्स्टरची १९१२ ची कादंबरी अधिक ताठ कण्याची आहे. तिच्यातली जेरुशा उपकाराला कर्ज मानते. पालकाची इच्छा नसतानाही ती शिष्यवृत्ती घेते आणि लेखनाचे पैसे हाती येताच त्याला १००० डॉलरचा चेक पाठवते. लग्न तिथेही आहेच; पण ते मान वर करून केलेले. चित्रपटाने नेमका हा चेकच गाळला!

माझी फी एक ट्रस्ट भरतो. दर सहामाहीला मी प्रगती कळवणारे पत्र लिहितो आणि खाली ‘आपला ऋणी’ अशी सही करतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही. उद्या मिळवता झाल्यावर दुसऱ्या एखाद्या मुलाची फी भरून हे ऋण फेडता येईल, या भरवशावरच ते घेववते. आपल्यातले कितीतरी जण काका-मामांच्या आधाराने शिकतात. पुढे ‘आम्ही शिकवले’ या दोन शब्दांत त्यांची नोकरी ठरते, आणि मुलींचे तर लग्नही.

देणाऱ्याने नाव खुशाल लपवावे; खाते लपवू नये. आणि कोणी फेडायला आलेच, तर त्याला रिकाम्या हाताने नव्हे, पावती देऊन परत पाठवावे.