पाण्यावाचून नदी

नदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घाट येतो, धुणी येतात, नावाडी येतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, वालेन्सिया शहराच्या दक्षिणेला एक नदी आहे; तिच्याजवळ यातले काहीच नाही. वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात पाणीच नसते! नाव ‘रांब्ला देल पोयो’. ‘रांब्ला’ हा शब्द मूळचा अरबी. ‘रम्ल’ म्हणजे वाळू. वर्गात मी ओढा, ओहोळ, नाला यांतला फरक हौसेने सांगत असतो. पण हिला यांतला एकही शब्द बसत नाही. आपल्या ओढ्याला निदान पावसाळ्याची शिस्त असते.

चीवा गावाकडच्या डोंगरांतून निघून तोरेंत, पिकान्या, पायपोर्ता या गावांमधून ती आल्बुफेरा सरोवराला मिळते. त्याच्या काठी भातखाचरे आहेत. तिथला तांदूळ ‘पाएया’ या प्रसिद्ध भातात शिजतो. डोंगर आणि समुद्र यांत अंतर थोडे, त्यामुळे वर पडलेले पाणी वाटेत रेंगाळत नाही. शरदात समुद्र अजून ऊबदार असतो. अशा वेळी आकाशात थंड हवेचा एक गोळा उत्तरेकडून तुटून आला, की सारे बाष्प एकदम कोसळते. तिकडे याला ‘थंड थेंब’ म्हणतात. थेंब!

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी (आपल्याकडे त्या दिवशी धनत्रयोदशी होती) जवळच्या तुरीस गावी एका दिवसात ७७० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. पुण्यात साधारण तेवढा वर्षभरात पडतो. सेकंदाला २,२०० घनमीटरांवर पाणी मोजून नदीवरचे मापकच वाहून गेले. आणि पायपोर्त्यात? तिथे पाऊस जवळजवळ नव्हताच. कोरड्या आकाशाखाली लोंढा आला. कित्येकजण तळघरातली मोटार वर काढायला म्हणून गेले, ते तिथेच बुडाले. मोबाईलवर सरकारी इशारा वाजला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या. त्या संकटात वालेन्सिया प्रांतात दोनशेहून अधिक माणसे गेली.

खुद्द वालेन्सिया शहर मात्र वाचले. १९५७ साली तुरिया नदीच्या पुराने ते बुडाले होते. म्हणून पुढे तुरियाला शहराबाहेरून, दक्षिणेकडे नवे पात्र खोदून दिले आणि जुन्या पात्रात बगीचा केला. पोयोकाठची गावे त्या नव्या पात्राच्या पलीकडे. तिथे गेल्या काही दशकांत नदीच्या अंगणात घरे, गुदामे उभी राहिली. कोरडी जागा दिसली, बांधले.

तोरेंत या गावाच्या नावाचा अर्थ तिथल्या भाषेत ‘लोंढ्याचा ओढा’ असाच आहे. नाव ठेवणारे जुने लोक. त्यांनी पाणी पाहिले असावे.