मधले वर्ष

महाविद्यालये उघडली की वृत्तपत्रांचे रकाने प्रवेशाच्या बातम्यांनी भरून जातात. बारावीच्या गुणांची चर्चा होते, पहिल्या वर्षाच्या जागांसाठी पालक रांगा लावतात, आणि अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला भेटेल तो ‘पुढे काय?’ म्हणून विचारतो. दुसऱ्या वर्षात गेलेल्या विद्यार्थ्याची मात्र कोणी वास्तपुस्त करीत नाही. नवलाई ओसरलेली, परीक्षेची धास्ती अजून दूर. तेव्हा हे वर्ष विश्रांतीचे, असा समज घरात आणि महाविद्यालयातही रूढ झाला आहे. लोंढा-खानापूरच्या मुलखात तर याच वर्षी काही विद्यार्थी हजेरीपटावरून हळूच नाहीसे होतात. कोणी गोव्यातल्या कारखान्यात लागतो, कोणी हॉटेलात, आणि कोणा मुलीचे लग्न ठरते.

वस्तुतः हे वर्ष सदैव असे निर्धास्त नव्हते. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या व्यवस्थेत कॉलेजचे दुसरे वर्ष म्हणजे ‘इंटर’, आणि इंटर म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारी विद्यापीठाची परीक्षा. इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे दरवाजे उघडत किंवा कायमचे बंद होत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात पदवी महाविद्यालय नव्हते. उच्च शिक्षणाची ओढ असलेली कितीतरी गोमंतकीय मुले कुळे आणि कॅसलरॉकच्या जकात तपासण्या ओलांडून लोंढ्याला उतरत आणि गाडी बदलून बेळगावला किंवा धारवाडला जात. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे, बेळगावचे लिंगराज कॉलेज १९३३ चे. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन होईपर्यंत ही दोन्ही महाविद्यालये मुंबईच्याच छत्राखाली होती. पुढे १९६२ मध्ये पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले महाविद्यालय निघाले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत त्यांच्याही परीक्षा मुंबईच घेत असे.

कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि चाळणी बारावीकडे सरकली. इंटर गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. एका परीक्षेने आयुष्याचा निकाल लावणे न्याय्य नव्हतेच. तथापि भीतीबरोबर त्या वर्षाची प्रतिष्ठाही गेली. (कर्नाटकात ‘दुसरे वर्ष’ म्हटले की अनेकांना अजून सेकंड पी. यू. सी. च आठवते, यातच सारे आले.)

आता या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गोव्यात २०२३-२४ पासून चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात दोन वर्षांनंतर ठरलेले श्रेयांक आणि एक कौशल्य अभ्यासक्रम पुरा करून पदविका घेऊन बाहेर पडता येते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करण्याची मुभा आहे. कर्नाटकाने हेच धोरण २०२१ मध्ये स्वीकारले आणि २०२४ मध्ये त्याकडे पाठ फिरवून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. म्हणजे घाटाखाली दुसऱ्या वर्षानंतर निदान एक कागद तरी हाती पडतो. घाटावर, लोंढ्याच्या विद्यार्थ्याने त्याच टप्प्यावर शिक्षण सोडले, तर नोकरीच्या अर्जात तो बारावी उत्तीर्णच राहतो. दोन वर्षे, फी, गाडीचा पास आणि आईबापांची ओढाताण, सारे हिशेबातून बाद होते. गोव्यातल्या विद्यार्थ्यांनीही पदविकेच्या मोहात पडू नये असे आमचे मत आहे. पदवीधरांसाठी असलेल्या जागेला पदविका चालत नाही, आणि परतीची वाट कागदावर मोकळी असली तरी हाती पगार खेळू लागल्यावर त्या वाटेने फिरणारे विरळा.

मग हे वर्ष लावावे कसे? दुसऱ्या वर्षी मुख्य विषयाचा खरा अभ्यास सुरू होतो. येथे पाया कच्चा राहिला तर अखेरच्या वर्षी पाठांतरावाचून गत्यंतर उरत नाही. बाजारी ‘नोट्स’ बाजूला ठेवून प्रत्येक विषयाचे एक मूळ पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची उसंत याच वर्षी मिळते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. लोंढा ते बेळगाव हे अंतर पन्नासेक किलोमीटरचे. रोज जाऊन येऊन शिकणाऱ्याच्या पदरात गाडीतला जो वेळ पडतो, तो गप्पांत आणि मोबाईलच्या पडद्यावर जातो. त्यातला निम्मा पुस्तकाला मिळाला तरी वर्षाचे चित्र पालटेल.

दुसरी गोष्ट भाषेची. सीमाभागातील मराठी माणसाचा न्याय्य दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्याविषयी आमची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. परंतु कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड यावीच लागते, गोव्यात हवी तर कोकणी. वीस वर्षांच्या तरुणाने निकालाची वाट पाहत या भाषांकडे पाठ फिरवणे म्हणजे स्वतःचेच दार लावून घेणे होय. कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि मराठी कथेला नवे परिमाण देणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत. दुसरी भाषा शिकल्याने यांपैकी कोणाची पहिली भाषा बुडाली नाही.

तिसरे, काही तरी स्वतः शोधून काढण्याची सवय. प्रकल्पाच्या नावाखाली कोठून तरी उतरवलेली पाने बांधून देण्याची प्रथा सर्वत्र बोकाळली आहे. खानापूर तालुक्यातल्या विद्यार्थ्याला ती लाजिरवाणी म्हटली पाहिजे. कारण विषय त्याच्या अंगणात पडले आहेत. कदंबांचे हलशी याच तालुक्यात. ज्या म्हादईसाठी तीन राज्ये लवादापुढे झगडली आणि जिच्या पाणीवाटपाचा निवाडा २०१८ मध्ये झाला, ती येथल्याच डोंगरात उगम पावते. भूगोलाच्या विद्यार्थ्याने एका पावसाळ्यात आपल्या गावच्या ओढ्याच्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या, इतिहासाच्या विद्यार्थ्याने लोंढ्याच्या जुन्या रेल्वे कामगारांच्या आठवणी लिहून घेतल्या, तर ते काम पुढे मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा अधिक बोलेल.

मुलींच्या बाबतीत पालकांना एकच विनंती. स्थळ चांगले असेल तर ते आणखी दीड वर्ष थांबेल. जे थांबत नाही, ते चांगले होते काय, याचाही विचार व्हावा.

अर्थात सारा भार विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. कर्नाटकातील सरकारी महाविद्यालये मोठ्या प्रमाणावर अतिथी प्राध्यापकांवर चालतात; त्यांची नेमणूक लांबली की तासांना खाडा पडतो. कायम जागा भरणे हे सरकारचे काम आहे. सकाळच्या तासाच्या आधी पोहोचवणारी आणि शेवटच्या तासानंतर मिळणारी गाडी किंवा बस असावी, याकडे रेल्वे आणि परिवहन मंडळाने लक्ष द्यावे. महाविद्यालयांना तर एक पैसाही न खर्चता करता येईल असे एक काम आहे. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात, परीक्षेच्या महिनाभर आधी, हजेरी घसरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी प्राध्यापकांनी निरोप धाडावा, आणि निरोपाला उत्तर न आले तर कोणी तरी लोंढ्याच्या गाडीत बसून त्या घरी जाऊन यावे.