लोअरचं अप्पर झालं, खातं तेच राहिलं

बिल्डरांना 'लोअर' या शब्दाचा विटाळ होतो. कोट्यवधींचा फ्लॅट विकायचा आणि पत्त्यात 'लोअर परळ' लिहायचं, हे कसं जमणार? मग जाहिरातींमधून 'अप्पर वरळी' नावाची नवी वस्ती जन्माला आली. स्टेशनची पाटी अजून लोअर परळच म्हणते. नावातला 'लोअर' खुपतो म्हणून 'अप्पर' लावून घ्यायचं, ही खोड या देशात कुठून आली ते तुम्हाला मी सांगायला नको.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. परळ, लालबाग, वरळी, डिलाइल रोड, काळाचौकी, शिवडी हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. इथल्या कापडगिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या आवारात मॉल, ऑफिसं, पब आणि कॅफे उभे राहिले. फिनिक्स मिल, कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल ही नावं तुम्ही खाण्यापिण्याच्या रील्समध्ये ऐकली असतील. 'मिल' हा शब्द मात्र त्यांनी जपून ठेवलाय, त्याला भाव आहे. उघड्या विटांची भिंत, छताला लोखंडी तुळया, वरून लोंबणारे पिवळे बल्ब, कोपऱ्यात शोभेला लाकडी बॉबिन. माझ्या आजीने तसल्या बॉबिनचं जळण केलं होतं.

मागच्या हिवाळ्यात पैसे भरून मी इथल्या एका 'हेरिटेज वॉक'ला गेलो. वाट दाखवणारा पोरगा अभ्यासू होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंत पुढारी होते, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे त्याने बरोबर सांगितलं. खानावळी, पाळीपाळीने झोपायच्या खोल्या, भजनी मंडळं, गणपती, भोंगा, सगळं आलं. 'इथे सगळे एका कुटुंबासारखे राहायचे,' असंही आलं. दोन तासांत 'जात' हा शब्द एकदाही आला नाही.

माझं भांडण महागड्या कॉकटेलशी फारसं नाहीच. भांडण या 'एका कुटुंबा'शी आहे.

माझे आजोबा खेड तालुक्यातून गिरणीत आले आणि निवृत्त होईपर्यंत रिंग खात्यात राहिले, म्हणजे सूतकताईत. विणाई खात्यात, साच्यांवर, पगार जास्त आणि मानही जास्त. तिथे आजोबांच्या आधीच्या पिढीतल्या अस्पृश्य कामगाराला पाऊल टाकता येत नव्हतं. कारण नीट समजून घ्या, कारण ते कुठल्याही वॉकमध्ये कुणी सांगणार नाही. साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या आत सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचं. थुंकी लागायची. त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीत दुसरा कामगार तोंड लावणार. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसं लावेल? झालं, अख्खं खातं बंद. पिण्याच्या पाण्याची सोयही वेगळी.

म्हणजे वाफेवर आणि विजेवर चालणारं, मँचेस्टरहून आलेलं यंत्र, आणि त्याच्या एका भोकात मनुस्मृती. आधुनिक कारखाना आला की जात आपोआप वितळते असं शिकवणारे प्राध्यापक आपल्यापैकी बहुतेकांना भेटलेत. त्यांना हा धोटा दाखवा.

हे गिरणीमालकाने लादलं होतं का? मालक काही संत नव्हता, पण हा दरवाजा कामगारांनीच अडवून धरला होता. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारलं: सगळी खाती आमच्या माणसांना खुली व्हावीत ही मागणी तुम्ही घेणार की नाही? कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाइलाजाने. मालकांनी ही मागणी पाहून उलट टोला हाणला की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकांनी संघटनेला निरुत्तर करावं अशी पाळी संघटनेनेच आणली होती. तरीही दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध संप झाला तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. 'आंबेडकरवाद्यांनी कामगार चळवळ फोडली' असं अजूनही पोपटासारखं बोलणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

हे फक्त मुंबईचं नव्हे. अहमदाबादच्या गिरण्यांतही दलित कामगार कताईत आणि विणाई इतरांकडे. त्या दलितांत वणकर होते. वणकर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विणणारी जात. ज्याच्या घरात हातमाग, त्यालाच यंत्रमागाच्या खात्यात मज्जाव. गुणवत्ता म्हणतात ती हीच.

गिरण्यांबाहेर काय होतं? वरळीच्या बीडीडी चाळींत १९७४ च्या जानेवारीत दंगल पेटली. दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला, पोलिसांनी कुणाची डोकी फोडली ते जुन्या रहिवाशांना पाठ आहे, आणि काहीच दिवसांत परळमध्ये मोर्च्यात भागवत जाधवांचा बळी गेला. ही जागा पबच्या रांगेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वॉकचा रस्ता तिथून जात नाही. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेब दोन दशकं राहिले तिथूनही जात नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय दामोदर हॉलमध्ये होतं, त्याचाही उल्लेख नाही. कुटुंबाचा फोटो काढायचा आणि आपल्याला चौकटीबाहेर उभं करायचं, असा प्रकार.

आता जमिनीचं. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमांप्रमाणे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली सरकारने नियम असा फिरवला की वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त जिथे बांधकाम नव्हतं तेवढ्याच जागेची. उच्च न्यायालयात हा डाव अडला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. तीन भावांची वाटणी करताना घर आणि विहीर थोरल्याने आधीच बाजूला काढावी आणि अंगणाचे तीन तुकडे करावेत, तसं झालं. गिरणी कामगारांना सोडतीतून मिळालेली काही घरं पनवेलजवळ, आणि आता शेलू-वांगणीची नावं पुढे केली जातात. ज्यांच्या घामावर हे शहर उभं राहिलं त्यांना लोकलच्या शेवटच्या टोकाला पाठवायचं आणि त्यांच्या भिंतीच्या विटा मात्र शोभेला ठेवायच्या.

ऑफिसं आली, पण माणसं चालायची कुठून हे कुणी पाहिलं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४ गेली.

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, दादा, पण त्या मॉलमध्ये मला कुणी आडनाव विचारत नाही. खरं आहे. मलाही ते आवडतं. गावाकडच्या हॉटेलात वेगळी कपबशी पाहिलेल्या माणसाला, दोनशे रुपये टाकून कुठल्याही खुर्चीत बसता येणं ही लहान गोष्ट नाही. गाव सोडा, शहरात या, हे बाबासाहेबांनी उगाच सांगितलं नव्हतं. कॅफेत बसणाऱ्या आपल्या पोरांना 'भांडवलशाहीला भुलला' म्हणून टोमणे मारणाऱ्यांचं मला पटत नाही. टोमणे मारणारे बहुतेक आजोबांच्या फ्लॅटमध्ये राहतात.

पण ही मोकळीक बिल भरेपर्यंतची असते. त्याच टॉवरच्या परिसरात भाड्याने खोली बघायला जा. पहिल्या फोनवर आडनाव, दुसऱ्यावर 'नॉन-व्हेज खाता का?'. आणि जिथे बसलात तिथेच जरा मान वळवून खाती मोजा. काचेच्या केबिनमध्ये कोण? संडास धुणारा, कचऱ्याच्या पिशव्या मागच्या जिन्याने खाली नेणारा कोण, कुठल्या ठेकेदाराचा, पाणी कुठे पितो, जेवायला कुठे बसतो? ग्राहकांच्या संडासात जायची त्याला परवानगी आहे का? मी माझ्या ऑफिसच्या इमारतीत हे विचारत फिरलो तर व्यवस्थापनाने मला समज दिली की, कंत्राटी माणसांशी बोलणं माझ्या कामात बसत नाही. त्या माणसांनी जाती मला सांगितल्या. त्यात मला धक्का बसेल असं एकही नाव नव्हतं. साचा खातं वर गेलं, एसीत गेलं. रिंग खातं तळघरात.

६०० एकरांतला एक तुकडा मात्र आपल्या लोकांनी झगडून घेतला. चैत्यभूमीशेजारच्या इंदू मिलची जमीन. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत घुसले, ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे सरकार हललं. २०१५ मध्ये स्मारकाचं भूमिपूजन झालं आणि काम वर्षानुवर्षं चाललंय. काळाचौकीच्या जुन्या गिरणीत महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालयही व्हायचं आहे. तिथे साचे ठेवतील, चिमणीवर दिवे सोडतील, गिरणीचा भोंगा ऐकवतील. माझी मागणी एवढीच की एका काचेत धोटा ठेवा, आणि त्याला तोंड लावायची मुभा कुणाला नव्हती ते खाली मराठीत, ठळक अक्षरांत लिहा. शेजारी पाण्याचे दोन वेगळे डेरे ठेवा. ते लिहिणार नाहीत, कारण लिहिणारी समिती कुणाची असेल हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, ज्यांच्या घरात आजोबांचा बदली पास, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद पत्र्याच्या पेटीत पडून असेल त्यांनी तो भंगारात जाऊ देऊ नका. जुन्या वस्तू गोळा करून कॅफे सजवणारे हल्ली चाळींतून फिरतात, त्यांनाही देऊ नका. घरात अजून कुणी जाणतं माणूस असेल तर याच रविवारी त्याच्याजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि गिरणीचं नाव विचारून झालं की लगेच विचारा: खातं कोणतं?